हिरव्या झाकणाचं पातेलं

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या बाईला माणसांचा एक गुन्हा सहन होत नसे. भिडेखातर बोललेलं खोटं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, नाकावर ती जड चौकट चढवली आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली, की निम्मी माणसं अंदाजपंचे वाचायला लागत. काहीजण तर बाकावर बसल्या बसल्याच पाटी पाठ करून येत, जणू नापास झाले तर दुकानदार घरी निरोप धाडणार आहे. काच बदलून "आता कसं दिसतंय?" विचारलं की "छान, छान" म्हणून मोकळे. मग ही भडके. "काका, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. इथे छान म्हणाल आणि घरी जाऊन जिन्यात आपटाल." दुकानातली बाकीची मंडळी तिची पाठीमागे नक्कल करत, आणि नक्कल हुबेहूब असे.

ती राहत होती त्या इमारतीत तिला चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता. मधल्या मजल्यावर ती, तिचा नवरा आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावभरच्या लिफ्ट चालत्या ठेवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, हा जिन्यातला जुना विनोद होता आणि नवरा तो प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखा हसायचा. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. तिचा पाय म्हणून ठरत नसे. किल्ल्या बुटात, बूट तांदळाच्या डब्यात आणि तांदूळ बापाच्या हत्यारांच्या पेटीत, अशी तिची घर लावायची पद्धत होती.

वरच्या मजल्यावर एक ड्रायव्हर राहायचा. बस चालवायचा. चाळिशीला आलेला, एकटा, पुढेमागे कोणी नाही. आणि तळमजल्यावर ताई. ताईंची कोपऱ्यावर लाँड्री होती. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही जमाना झाला होता. त्या खऱ्या कोणाच्याच ताई नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या.

भिंगरी जन्मली तेव्हा नवराबायको दोघांचीही माणसं लांब होती. दवाखान्यातून घरी आल्यावर चष्मेवाली पलंगाच्या कडेला बसून रडत होती. बाळ रडतंय म्हणून ती रडतेय की ती रडतेय म्हणून बाळ, हे नवऱ्याला कळत नव्हतं. दार वाजलं आणि ताई आत आल्या. हातात पातेलं, त्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी भांड्याचं हिरवं झाकण. पातेलं ओट्यावर ठेवलं, बाळ काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, आधी अंघोळ कर. पाणी गार होईपर्यंत बाहेर यायचं नाही." एवढंच. त्या अंघोळीची ऊब चष्मेवालीला अजून आठवे. बाहेर आली तेव्हा बाळ झोपलं होतं आणि ताटात गरम भात होता.

पुढे भिंगरी पाळणाघरात जायला लागली, चष्मेवाली दुकानात जायला लागली, आणि संध्याकाळी कोणाच्याच अंगात स्वयंपाकाचं त्राण उरेना. तेव्हा ताईंनीच टूम काढली. "तीन घरांत तीन शेगड्या कशाला पेटवायच्या? पाळी लावू. ज्याची पाळी त्याने तिघांचं रांधायचं." प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आल्या. जिन्यातून पातेली वरखाली व्हायला लागली. चष्मेवालीचं मोडक्या कानाचं पातेलं, ड्रायव्हरचा कुकर आणि ताईंचं हिरव्या झाकणाचं. ड्रायव्हरच्या पाळीला बटाटे आणि अंडी असत, फारच रंगात आला तर अंडी आणि बटाटे. पण ताईंची पाळी असली की नवरा कामावरून लवकर सुटायची सबब शोधायचा. ताईंच्या हाताला अशी चव होती की भिंगरीसुद्धा पातेल्याकडे बघून टाळ्या वाजवायची.

हिवाळ्यात ताईंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. पूर्वी लाँड्रीत इस्त्रीखाली कापड नुसतं तापायला लागलं तरी त्या पाठमोऱ्या ओरडत, "कॉलर सांभाळ!" आता त्यांच्याच हाताखाली एक पांढरा शर्ट जळाला, धूर झाला, शेजारचा दुकानदार धावत आला तेव्हा त्यांना कळलं. जिभेचंही तेच. गरम-गार कळे, मऊ-कडक कळे. मीठ कळेना.

अंगात जरा बळ आल्यावर ताई वर आल्या. चष्मेवाली भिंगरीला मोजे घालत होती, म्हणजे भिंगरी मोजे काढत होती.

"डॉक्टर म्हणतात येईल परत. कधी ते त्यांनाही ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. "पण मला माझी पाळी सोडायची नाही. पाळी सोडली तर या जिन्यात मी यायचं कशाला? फक्त हात आता आंधळा झालाय. तेव्हा तू माझी जीभ. पातेलं आधी तुझ्याकडे येईल. तू चाखायचंस आणि खरं सांगायचंस. तुझ्या दुकानात लोकांना झापतेस ना, तस्सं. ड्रायव्हरचा काही उपयोग नाही, त्याला दगड शिजवून दिले तरी मान खाली घालून जेवेल."

"सांगेन ताई. तोंडावर सांगेन," चष्मेवाली म्हणाली. आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

ताईंची पाळी आली. संध्याकाळी त्या स्वतः पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मसुराचा रस्सा होता. चष्मेवालीने चमचा बुडवला, फुंकर मारली, तोंडात घातला. मीठ जरा पुढे होतं. फार नाही. पाणी घालून उकळी आणली असती तर निभावलं असतं. तिने वर पाहिलं. ताई तिच्या ओठांकडे बघत होत्या. तापाने चेहरा अर्धा झालेला, एक हात चौकटीवर, आणि डोळ्यांत अशी भीती की जणू मिठाचं नाही, आयुष्याचंच काहीतरी ठरायचं आहे.

"छान झालंय," चष्मेवाली म्हणाली.

"खरं?"

"खरंच."

"मग हात बसला म्हणायचा!" ताई हसल्या. तापानंतर पहिल्यांदा हसल्या.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. त्या एका 'छान'ची पुढे अशी पिल्लावळ झाली की आवरता आवरेना. आता 'खारट' म्हणायचं तर मागचं छान खोटं ठरणार. आज नको, पुढच्या पाळीला सांगू. पुढच्या पाळीला ताई म्हणत, "तुला आवडतं म्हणून आज जरा सढळ हाताने केलंय." ज्या हाताला शाबासकी मिळते तो हात धीट होतो. मीठ चढत गेलं. एकदा तर रस्सा असा झाला की नवऱ्याने घास तोंडात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"सांग ना त्यांना," तो पाण्याचा दुसरा पेला रिकामा करत म्हणाला.

"तू सांग."

"मला कुठे विचारलंय? जीभ तू आहेस."

"आजारातून उठलेलं माणूस आहे. मन मोडेल त्यांचं."

नवऱ्याने खांदे उडवले आणि अंडी उकडत ठेवली. पहिल्यांदा त्यांनी रस्सा पाणी घालून खाल्ला, मग बटाटे टाकून खाल्ला, मग नुसता वरवरचा खाल्ला, आणि मग एका संध्याकाळी ड्रायव्हरचा वाटा काढून ठेवल्यावर चष्मेवालीने पातेलं उचललं आणि सरळ कचऱ्याच्या बादलीत रिकामं केलं. भिंगरीला असलं काही देणं शक्यच नव्हतं, हे कारण तिने स्वतःला दिलं. कारण खरंही होतं. खऱ्या कारणामागे लपायला जागा चांगली मिळते.

बादली पायाने पट्टी दाबून उघडायची होती. आणि भिंगरी तेव्हा 'मदत' करायच्या वयात होती. पायाने झाकण उघडणं हे तिच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं यंत्र होतं. ती दोन्ही पायांनी त्या पट्टीवर उभी राहायची, झाकण धाडकन उघडायचं, आई ओतायची. पहिल्या वेळी ओतताना चष्मेवालीच्या तोंडून "छी, किती खारट" असं निघून गेलं. भिंगरीने तेवढं 'छी' उचललं. मग "गेलं!" म्हणून ती टाळ्या वाजवायची आणि आईकडे बघायची. आई म्हणायची, "शाब्बास गं माझी बाय!" दुसरं काय म्हणणार? मूल कामात असलं की रडत नाही, आणि संध्याकाळच्या त्या घाईत न रडणारं मूल म्हणजे देणगीच. असं ते ठरून गेलं. हिरवं झाकण दिसलं की भिंगरी आपणहून बादलीकडे धावायची.

पातेलं मात्र चष्मेवाली जरुरीपेक्षा जास्त घासायची. लख्ख करून खाली द्यायची. "संपलं बघा सगळं, ताई." हे तर शब्दशः खरं होतं. ताई पातेलं हातात घेऊन आत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, खा. तू खाल्लंस की मला जेवल्यासारखं वाटतं." परत जिना चढताना चष्मेवालीला कान गरम झालेले कळायचे. पायऱ्या संपेपर्यंत ती ठरवायची की आता सांगायचंच. घरात शिरल्यावर भिंगरीने काहीतरी सांडलेलं असायचं.

अशात ड्रायव्हरचं लग्न ठरलं. त्याच्याच बसने रोज जाणारी, दवाखान्यात कामाला असलेली मुलगी. तिने पुढाकार घेतला नसता तर हा गडी तिला निवृत्त होईपर्यंत नुसता 'सांभाळून उतरा' म्हणत राहिला असता. मुलीच्या आईला ड्रायव्हरची माणसं बघायची होती. माणसं म्हणजे कोण? तर ताई आणि मधला मजला. "रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला बोलव," ताईंनी फर्मान काढलं. "मी त्याची थोरली बहीण. करणार मीच."

जिन्यात गाठून त्यांनी चष्मेवालीला विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "करू ना गं मी? बाहेरची माणसं आहेत. त्या पोराचं नशीब आहे त्यात. तुझा भरवसा असला तरच करते."

एवढी उघडी फट पुन्हा मिळणार नव्हती. "ताई, जरा मीठ..." एवढं म्हणायला काय लागतं? पण तिच्या तोंडून निघालं, "तुमच्या हातचं नाही तर मग कोणाच्या हातचं?"

ताईंनी तिचा गाल कुरवाळला. घरी येऊन चष्मेवाली चपलांच्या फळीवर तशीच बसून राहिली. स्वतःची तिला खरोखर शिसारी आली. नवऱ्याने काय झालं विचारलं तर म्हणाली, "पाय दुखतात." मग तिने मनाशी बेत केला. रविवारी लवकर खाली जायचं. ताईंना काहीतरी निमित्ताने स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं आणि गुपचूप सगळं सुधारून ठेवायचं. पाणी, बटाटे, लिंबू, जे लागेल ते. चोर आपल्या चोरीवर पांघरूण घालायला निघाला होता, आणि त्यातही त्याला आपण पुण्य करतोय असं वाटत होतं.

रविवारी भिंगरीने बुटासाठी रणकंदन केलं. डावा बूट उजव्या पायातच हवा होता. शेवटी तसाच घालून चष्मेवाली तिला काखेत मारून खाली धावली. ताईंच्या घरी टेबलावर लाँड्रीतली कडक इस्त्रीची पांढरी चादर अंथरलेली होती. स्वयंपाकघरात हिरव्या झाकणाचं पातेलं वाफ सोडत होतं आणि ताई त्याच्याजवळून हलायला तयार नव्हत्या.

"ताई, बाहेर तुमची खुर्ची..."

"राहू दे खुर्ची. तुला गंमत सांगते," ताई हसत म्हणाल्या. "काल रात्री म्हटलं, नवरदेवालाही जरा चाखवावं. त्याला हाक मारून चमचा दिला. तर हा शहाणा म्हणतो, 'ताई, मीठ निम्मं करा.' मी म्हटलं, अरे, तुझी जीभ आहे की बसचं टायर? ती मधली दर वेळी पातेलं चाटून पुसून देते! तर म्हणतो, 'तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मला आधी कोणी विचारलंच नाही.'"

चष्मेवालीने भिंगरीला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"मी त्याला हसले. पण म्हटलं, आजचा दिवस त्याचा आहे, त्याच्या मनासारखं होऊ दे. म्हणून सगळं नवीन केलं आणि मीठ निम्मं घातलं. आता तुला आळणी लागेल बघ. चाख."

तिने चाखलं. भाजी, रस्सा, दोन्ही. इतक्या महिन्यांनी ताईंच्या हातची ती जुनी चव तिच्या तोंडात आली. बिनचूक. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत्ता, या क्षणी, हात धरून सांगून टाकावं असं तिला वाटलं. ताई समोर होत्या, वाट बघत होत्या.

"छान झालंय," ती म्हणाली. आणि हे खरं असूनही बाकी सगळ्या वेळांसारखंच ऐकू आलं.

पाहुण्या आल्या. मुलगी चटपटीत होती, तिची आई कमी बोलणारी. ड्रायव्हरने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्यात बसच्या थांब्यावरच्या खांबासारखा ताठ उभा होता. नवराही आला, लिफ्टचा विनोद झाला. सगळे जेवायला बसले. पहिल्या घासानंतर मुलीच्या आईने मान वर केली आणि म्हणाली, "किती दिवसांनी असं घरचं जेवतेय." ताईंनी टेबलापलीकडून चष्मेवालीकडे पाहिलं. त्या नजरेत केवढा तरी आनंद होता, आणि त्यातला निम्मा त्या तिच्या पदरात टाकत होत्या. चष्मेवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटले, तिला वाटलं. आता आपोआपच सगळं सुरळीत होईल. सांगायची गरजच उरणार नाही.

ताईंनी भिंगरीसाठी छोट्या वाटीत भात कालवला, त्यावर पातेल्यातला रस्सा घातला आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. भिंगरीने हिरव्या झाकणाकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. काम आलं होतं. ती खुर्चीवरून घसरून उतरली, वाटी दोन्ही हातांनी धरली आणि न सांडता, जीभ बाहेर काढून, उलट्या बुटांनी चालायला लागली. सगळे कौतुकाने बघत होते. "कुठे निघाली स्वारी?" नवरी मुलगी म्हणाली.

स्वारी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. ताईंच्या डब्याला पायाची पट्टी नव्हती. भिंगरीने पाय आपटून पाहिला, मग हाताने झाकण ढकललं आणि वाटी आत उलटी केली.

"छी!" ती ठसक्यात म्हणाली. "गेलं!" आणि टाळ्या वाजवून वळली.

ती आईकडे बघत उभी राहिली. शाब्बास अजून आलं नव्हतं. आपलं काम अर्धवट राहिलं असेल असं बहुधा तिला वाटलं. ती टेबलापाशी परत आली, टाचा उंच करून हिरव्या झाकणाला हात लावला आणि सगळ्यांना समजावून सांगावं तसं म्हणाली, "ताई. छी. गेलं."

आपलेच दात, आपलेच ओठ. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चष्मेवालीला झालं. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळताहेत हे तिला न बघताच कळलं. आणि मग तिने ते केलं, जे तिला पुढे सगळ्यात जास्त डाचत राहिलं. ती ताडकन उठली, भिंगरीचा दंड धरला आणि ओरडली, "घाणेरडी! कुठून शिकून येते कोण जाणे! पाळणाघरात काय काय बघतात!"

भिंगरी आधी रडलीच नाही. तिने आईकडे बघितलं. एरवी ज्या कामाला शाब्बास मिळतं त्यासाठी आज दंड का धरला, हे तिच्या एवढ्याशा डोक्यात मावेना. तिने स्वतःच टाळ्या वाजवून बघितल्या, हळू, आईला आठवण करून द्यावी तशा. मग खालचा ओठ पुढे आला आणि तिने हंबरडा फोडला. नवरा मान खाली घालून ताटातला भात चिवडत होता.

ताई उठल्या. भिंगरीला त्यांनी कडेवर घेतलं. भिंगरीने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"तिला नको ओरडूस," ताई म्हणाल्या. आवाज साधाच होता. "तिने केलं ते बरोबरच केलं. जे बघितलं ते केलं." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "लहान आहे. घ्या ना तुम्ही, गार होतंय." आणि एका हाताने भिंगरीला धरून दुसऱ्या हाताने त्यांनी सगळ्यांना वाढलं. चष्मेवालीच्याही ताटात वाढलं, नेहमीएवढंच. ते तिने संपवलं. ताटात एक शीतही ठेवायची तिची छाती नव्हती.

पाहुण्या गेल्या. ड्रायव्हर त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेला. नवऱ्याने भिंगरीला वर नेलं. चष्मेवाली भांडी घासायला उभी राहिली, ताई शेजारी पुसायला.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही आजारातून उठलात तेव्हापासून. टाकायला मागाहून लागलो."

"मग खायचात काय?"

"अंडी उकडायचो."

ताई एक पेला पुसत राहिल्या. "लहान मूल घरात, आणि माझ्या पाळीला तुम्ही पुन्हा शेगडी पेटवायचात," त्या म्हणाल्या. राग असता तर चष्मेवालीला बरं वाटलं असतं. ताईंना त्यातही तिच्या कष्टाचंच वाईट वाटत होतं.

"ताई, मला तुमचं मन मोडायचं नव्हतं."

"टाकलंस त्याचं मला काही नाही गं. खारट अन्न टाकायचंच असतं." त्यांनी पेला ठेवला. "मी तुझ्याकडे एक जीभ मागितली होती. मनाचं मी बघितलं असतं."

चष्मेवाली "चुकलं माझं" म्हणाली. दोनदा म्हणाली. ताई "असू दे" म्हणाल्या, आणि ते असू दे त्यांनी मनापासून म्हटलं होतं की भिडेखातर, हे आता तिला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ पाटीवरची अक्षरं अंदाजाने वाचायला लागले. ती काच बदलत होती. "आता?" तिने विचारलं. "छान, छान," ते म्हणाले. दुकानातली मंडळी ओठ दाबून वाट बघत होती, आता बाई भडकणार म्हणून. तिने मुकाट्याने आधीची काच परत बसवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "घाई नाही, काका. सावकाश बघा." त्या दिवसानंतर दुकानात तिची नक्कल करायला काही उरलं नाही.

ताईंच्या पाळीची संध्याकाळ आली. पातेलं येणार नाही, असं तिने धरूनच ठेवलं होतं. भात मांडला होता, अंडी काढून ठेवली होती. भिंगरी जमिनीवर बसून बापाच्या पान्याला मोजा घालत होती. इतक्यात जिन्यात ताईंची पावलं वाजली. चष्मेवालीचा जीव सुपाएवढा झाला. तिने धावत जाऊन खणातून चमचा काढला, तो पदराला पुसला आणि दार उघडलं. आज खरं सांगायचं. कितीही कडू असो, आळणी असो, खारट असो, जसं असेल तसं.

ताईंच्या हातात पातेलं नव्हतं. वाटी होती, आणि वाटीत त्यांचाच छोटा चमचा.

"अजून शेगडीवरच आहे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उतरवायच्या आधी विचारावं."

"द्या ना, ताई." चष्मेवालीने हात पुढे केला.

ताई तिच्या बाजूने आत आल्या. गुडघे धरत खाली बसल्या, चमच्यातल्या रश्शावर फुंकर मारली आणि तो भिंगरीपुढे धरला. भिंगरीने आधी वाटीकडे बघितलं, मग बादलीकडे, मग आईकडे. मग तोंड उघडलं. ताई तिच्या ओठांकडे बघत होत्या, तशाच, जशा त्या पहिल्या संध्याकाळी दारात उभ्या राहून बघत होत्या.

भिंगरीने गिळलं. तोंड वाकडं केलं नाही. जीभ ओठांवरून फिरवली.

वाटी चष्मेवालीच्या हाताशीच होती. तिने वाकून आपला चमचा त्यात बुडवला आणि चाखलं. "बरोबर झालंय, ताई," ती म्हणाली. "मीठ अगदी बरोबर आहे. खरंच सांगते."

"हो?" ताई म्हणाल्या, पण त्यांनी मान वळवली नाही. भिंगरीने पुन्हा तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी ताईंचा चमचा स्वतःकडे ओढला. तेव्हा कुठे ताईंचा चेहरा सैल झाला. "झालंय म्हणतेस ना? मग उतरवते," त्या भिंगरीला म्हणाल्या, तिच्या डोक्यावर हात टेकून उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

थोड्या वेळाने हिरव्या झाकणाचं पातेलं वर आलं. या वेळी ते ताई नाही, ड्रायव्हर घेऊन आला होता.